भास्कराचार्यांच्या कवड्या आणि २१४७४८३६४७

शेषफळ

नमस्कार मंडळी,

मागच्या पावसाळ्यात एका रात्री साडेअकराला फोन आला. आम्ही ज्या ग्राहकाचं काम बघतो त्यांच्याकडे नव्या पावत्या निघायच्या बंद झाल्या होत्या. सर्व्हर चालू, डिस्कवर जागा भरपूर, नेटवर्क ठीक, तरी एकही नवी नोंद आत जाईना. तासाभराने शेवटच्या नोंदीचा अनुक्रमांक डोळ्यांपुढे आला: २१४७४८३६४७. दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस.

बघताक्षणी कारण कळलं. हा क्रमांक ज्या रकान्यात साठवायचा तो ३२ बिटांचा होता. (बिट म्हणजे ० किंवा १ लिहायची एक जागा.) त्यातला एक बिट अधिक-उणे चिन्हात जातो, उरतात ३१, आणि ३१ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या म्हणजे २^३१ − १. (२^३१ म्हणजे २ चा ३१ वा घात. खाली सगळीकडे असंच लिहितो.) त्या रात्री क्रमांक उणे बाजूने सुरू करून वेळ मारून नेली. रकाना ६४ बिटांचा करायला पुढचे दोन आठवडे गेले.

आमच्या धंद्यातल्या बहुतेकांना हा आकडा पाठ असतो, पण भिंत म्हणून. इथे येऊन आदळायचं नाही, एवढीच त्याची ओळख. माझीही तेवढीच होती.

मग दिवाळीत गावी गेलो. वडिलांच्या कपाटात भास्कराचार्यांच्या लीलावती या गणितग्रंथाची मराठी अर्थासह प्रत होती, ती घेऊन ओटीवर बसलो. श्रेढींच्या, म्हणजे ठरावीक नियमाने वाढत जाणाऱ्या संख्यांच्या भागात एक उदाहरण आहे. एका दात्याने याचकाला पहिल्या दिवशी दोन कवड्या दिल्या आणि पुढे रोज आदल्या दिवसाच्या दुप्पट द्यायचं कबूल केलं. महिन्याभरात त्याने किती निष्क दिले? महिना तीस दिवसांचा. उत्तर असं: १०४८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या.

त्या काळचं कोष्टक पुस्तकाच्या सुरुवातीलाच आहे. २० कवड्यांची एक काकिणी, ४ काकिणींचा एक पण, १६ पणांचा एक द्रम्म, १६ द्रम्मांचा एक निष्क. म्हणजे एका निष्काच्या २०४८० कवड्या. मी मोबाइलवर उलटा हिशेब केला. सगळ्याच्या कवड्या करून बेरीज: २१४७४८३६४६.

मी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिलो. माझ्या भिंतीपेक्षा बरोबर एकाने कमी! लीलावती ११५० सालची. जवळजवळ पावणेनऊशे वर्षांपूर्वी कुणीतरी कवड्या मोजत मोजत त्या भिंतीच्या अगदी अलीकडच्या विटेपाशी येऊन थांबलं होतं.

दुप्पट-दुप्पट बेरजेचा नियम सोपा आहे. तीस दिवसांची एकूण बेरीज ही एकतिसाव्या दिवशी द्यायच्या कवड्यांपेक्षा दोनच कमी भरते. एकतिसाव्या दिवशी दिल्या असत्या २^३१, म्हणजे २१४७४८३६४८. तेव्हा शेजारशेजारच्या तीन संख्या अशा उभ्या राहतात:

२१४७४८३६४६: दात्याने महिन्यात दिलेल्या कवड्या
२१४७४८३६४७: आमची भिंत
२१४७४८३६४८: दात्याची पुढच्या दिवसाची देणगी

तिघी सख्ख्या शेजारणी, आणि स्वभावाने एकीसारखी दुसरी नाही. तिसरीचे अवयव पाडले तर एकतीस वेळा फक्त २ निघतो, दुसरं काही नाही. पहिलीचे पाडले तर:

२ × ३ × ३ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१

तिला १९२ विभाजक आहेत. कितीतरी संख्यांनी तिला भाग जातो. आणि मधली? ती मूळ संख्या आहे. १ आणि स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही.

तिचं मूळपण सिद्ध केलं गणितज्ञ लिओनार्ड ऑयलर यांनी. १७७२ साली छापलेल्या, बेर्नुलींना लिहिलेल्या एका पत्रात ते आहे. ऑयलर तेव्हा सेंट पीटर्सबर्गमध्ये होते आणि दृष्टी जवळजवळ गेलेली होती. पुढची ९५ वर्षं, म्हणजे १८६७ पर्यंत, माणसाला माहीत असलेली ही सर्वांत मोठी मूळ संख्या होती.

माझं म्हणणं इतकंच आहे की आपण संख्या एकेकटी बघतो. २१४७४८३६४७ बघितली की मर्यादा, चूक, रात्रीचे फोन. तिच्या शेजारणीकडे बघितलं तेव्हा मला ती खरी दिसायला लागली. या संख्येबद्दल तुम्हाला आणखी जे माहीत असेल ते लिहा. मी गणिताचा पदवीधर नाही, तेव्हा चुकलं असेल तर दुरुस्त करा.

मधुमालती

फार आवडलं. लीलावती शाळेत नावापुरती ऐकली होती, तिच्यात कवड्यांचं असलं उदाहरण असेल असं वाटलं नव्हतं.

एक शंका. तीस वेळा दुप्पट करत बसले असतील का? आठवीत शिक्षकांनी हे आम्हाला पाटीवर करायला लावलं होतं, विसाव्या दुपटीला सगळा वर्ग वेगवेगळ्या उत्तरावर होता.

चाळीसगावकर

भास्कराचार्यांचं नाव निघालं म्हणून राहवलं नाही. आमच्या चाळीसगावपासून जवळ पाटण म्हणून गाव आहे, पाटणादेवीचं. तिथल्या मंदिरात शिलालेख आहे, तेराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचा. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याची त्यात नोंद आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. कवड्यांचं ते गणित तिथल्या मुलांनीही सोडवलं असणार. पावसाळ्यानंतर जा, डोंगर हिरवागार असतो.

निवृत्त मास्तर

मधुमालतीताई, तीस वेळा दुप्पट करायची गरज नाही. रीत लीलावतीतच दिली आहे आणि ती इतकी देखणी आहे की मी छत्तीस वर्षं दर बॅचला फळ्यावर करून दाखवली.

दिवसांची संख्या घ्या, ३०. सम असेल तर निम्मी करा आणि बाजूला ‘वर्ग’ लिहा. विषम असेल तर एक कमी करा आणि ‘गुण’ लिहा. शून्य येईपर्यंत चालू ठेवा.

३० चे १५, वर्ग
१५ चे १४, गुण
१४ चे ७, वर्ग
७ चे ६, गुण
६ चे ३, वर्ग
३ चे २, गुण
२ चा १, वर्ग
१ चे ०, गुण

आता खालून वर या. १ पासून सुरुवात. ‘गुण’ आला की दुप्पट, ‘वर्ग’ आला की वर्ग. २, ४, ८, ६४, १२८, १६३८४, ३२७६८, आणि शेवटचा वर्ग १०७३७४१८२४. आठ पायऱ्यांत २^३० हातात. त्यातून १ वजा करा, पहिल्या दिवसाच्या २ कवड्यांनी गुणा, आलं २१४७४८३६४६. ३२७६८ चा वर्ग हाताने करणं एवढाच काय तो कष्टाचा भाग.

ही युक्ती भास्कराचार्यांच्याही आधीची आहे. पिंगलाच्या छंदःशास्त्रात लघु-गुरूंच्या किती रचना होतात ते मोजायला हीच वापरली आहे.

कोडवाला

मास्तर, तुम्ही दिलेली ‘वर्ग-गुण’ रीत मी कॉलेजमध्ये शिकलो ती पूर्णपणे संगणकाची म्हणून. आज बँकेच्या संकेतस्थळाचं कुलूप ज्या गणितावर चालतं त्यात प्रचंड मोठे घात काढावे लागतात, आणि ते असेच काढतात. घातांक द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहायचा, १ दिसला की गुण, दर पायरीला वर्ग. ३० म्हणजे ११११०. त्यात चार वेळा १ आहे आणि तुमच्या यादीत चार ‘गुण’ आहेत. जुळलं.

तिसरी घंटा

मला मधल्या संख्येचं कुतूहल आहे. २१४७४८३६४७ मूळ आहे हे हाताने कसं सिद्ध करणार? वर्गमूळ साधारण ४६३४१ येतं, म्हणजे तिथपर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून बघायचं. त्या पावणेपाच हजारांच्या आसपास असतील. दृष्टी गेलेल्या माणसाने एवढे भागाकार केले?

निवृत्त मास्तर

छान प्रश्न. एवढे केले नाहीत, आणि का करावे लागले नाहीत ते समजून घेण्यासारखं आहे. मी लहान उदाहरणावरून येतो.

२^११ − १ = २०४७. ही मूळ वाटते, पण नाही. २३ × ८९. आता हे दोन अवयव नीट बघा. २३ म्हणजे २२ + १. ८९ म्हणजे ८८ + १. दोन्ही ‘२२ च्या पटीत अधिक १’, आणि २२ म्हणजे ११ ची दुप्पट. हे आपोआप घडलेलं नाही.

समजा q ही मूळ संख्या २^३१ − १ ला भागते. म्हणजे q ने भागल्यावर २^३१ ची बाकी १. आता २, ४, ८, १६ असे घात घेत जा आणि q ने भागून बाकी बघा. बाक्या फिरून फिरून त्याच येतात, आणि एका फेरीची लांबी ३१ ची विभाजक असली पाहिजे. ३१ मूळ आहे, म्हणून फेरी ३१ चीच. (१ ची असू शकत नाही, कारण २ मधून १ गेला तर १ उरतो, त्याला q भागत नाही.) फर्माच्या प्रमेयाने २ च्या q − १ व्या घाताची बाकीही १ येते, म्हणून ही फेरी q − १ मध्ये नेमकी बसते. म्हणून q − १ ला ३१ ने भाग जातो. q विषम, म्हणून ६२ नेही जातो. झालं, q ची शक्यता फक्त ६२क + १ या रूपात.

दुसरी चाळणी मला याहून गोड वाटते. २^३१ ची बाकी १, तर २^३२ ची बाकी २. पण २^३२ हा २^१६ चा वर्ग. म्हणजे q च्या जगात, नुसत्या बाक्या बघितल्या तर, २ ही पूर्ण वर्ग आहे! आणि जिथे २ वर्ग असतो तिथे q ला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च येते. वरचे २३ आणि ८९ तपासा, बाक्या ७ आणि १.

दोन्ही चाळण्या एकत्र केल्या की q फक्त २४८क + १ किंवा २४८क + ६३ या रूपात उरते. ४६३४१ च्या आत पहिल्या प्रकारच्या १८६ संख्या, दुसऱ्या प्रकारच्या ६३ सोडून १८६. एकूण ३७२. त्यातल्या बऱ्याच उघडउघड संयुक्त. त्या गाळल्या तर खरे भागाकार शंभराच्या आत येतात. ऑयलर यांच्यासारख्या माणसाला ते डोक्यात करणं जड नव्हतं. त्यांची स्मरणशक्ती विलक्षण होती.

गोदाकाठ

नाशिकचा असून कापरेकरांचं नाव न घेता कसा राहू? द. रा. कापरेकर देवळालीला शाळेत शिक्षक होते. १९८६ साली गेले. ‘कापरेकर स्थिरांक’ ६१७४ सगळ्यांना माहीत असतो, पण ‘कापरेकर संख्या’ वेगळ्या. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ + २०९ = २९७. वर्गाचे दोन तुकडे करून बेरीज केली की तीच संख्या परत.

या धाग्यातल्या संख्येशी त्यांचा संबंध कसा येतो बघा. २^३१ − १ मूळ असल्यामुळे युक्लिडच्या नियमाने २^३० × (२^३१ − १) ही परिपूर्ण संख्या होते, म्हणजे स्वतः सोडून बाकी सगळ्या विभाजकांची बेरीज तिच्याएवढीच. ६, २८, ४९६, ८१२८ या घराण्यातली ही आठवी. आकड्यात २३०५८४३००८१३९९५२१२८. लीलावतीतल्या स्थानांच्या नावांनी म्हणायचं तर २३ परार्धांच्या वर. एकं, दहं, शतं करत परार्ध हे अठरावं आणि शेवटचं स्थान. त्याच्यापुढे नाव नाही, म्हणून २३ परार्ध.

आता गंमत. द्विमान पद्धतीत सगळ्या सम परिपूर्ण संख्या कापरेकर संख्या आहेत. २८ घेऊन करून बघा. २८ चा वर्ग ७८४. दहाच्या घाताऐवजी दोनच्या घातावर तोडायचं, ६४ वर. ७८४ भागिले ६४: भागाकार १२, बाकी १६. १२ + १६ = २८.

आपल्या मोठ्या संख्येचा वर्ग २^६२ वर तोडा. भागाकार २^६० − २^३०, बाकी २^६०. बेरीज २^६१ − २^३०, म्हणजे पुन्हा २^३० × (२^३१ − १). रात्री वहीवर मांडलं आणि बरोबर आलं तेव्हा बायकोला उठवून दाखवलं.

सह्याद्रीवारा

सगळं वाचलं, माहिती उत्तम आहे. पण मूळ धाग्याबद्दल एक मोकळेपणाने लिहितो. लीलावतीचं उत्तर आणि संगणकाची मर्यादा यांत एकाचा फरक, हा निव्वळ योगायोग आहे. महिन्याचे दिवस तीस आणि सुरुवात दोन कवड्यांपासून, म्हणून २^३१ − २ आलं. एका कवडीपासून सुरुवात केली असती तर आलं असतं २^३० − १, आणि हा धागाच निघाला नसता. संगणकात ३१ आले ते ३२ मधून चिन्हाचा एक बिट गेल्यामुळे. चांद्रमासाचा आणि चिप बनवणाऱ्यांच्या सोयीचा एकमेकांशी काय संबंध? भास्कराचार्यांना त्या मूळ संख्येची कल्पना होती असा अर्थ कुणी काढू नये, कारण असल्या लेखांवरून पुढे तेच फिरतं.

शेषफळ

सह्याद्रीवारा, तुमचा इशारा योग्य आहे आणि मला तो मान्य आहे. भास्कराचार्यांनी २^३१ − १ बद्दल काही म्हटलेलं नाही. तसा अर्थ निघत असेल तर इथे स्पष्ट सांगतो की तो काढू नये. तीस दिवस आणि ३२ बिट एकत्र येणं योगायोगच.

पण २१४७४८३६४६ आणि २१४७४८३६४७ यांचं नातं योगायोगाचं नाही. पहिलीच्या अवयवांत ३१ आहे ना? मी आधी तो नुसता लिहून मोकळा झालो होतो. मास्तरांचा प्रतिसाद वाचल्यावर लक्षात आलं की तो तिथे असायलाच हवा. ३१ मूळ आहे, म्हणून फर्माच्या प्रमेयाने २^३० − १ ला ३१ ने भाग जाणारच. शिवाय ३० ला २, ३, ५ ने भाग जातो, म्हणून २^३० − १ ला २^६ − १, २^१० − १ आणि २^१५ − १ नेही भाग जातो. म्हणूनच ती इतक्या तुकड्यांत फुटते. घातांक ३० फुटतो, संख्याही फुटते. घातांक ३१ फुटत नाही, म्हणून संख्येला मूळ असण्याची निदान संधी मिळते. संधीच फक्त, कारण ११ मूळ असून २०४७ फुटली.

कोडवाला

शेषफळ, तुमच्या बाजूने एक भक्कम पुरावा देतो. गोष्ट आहे यादृच्छिक संख्या बनवण्याची.

संगणकाला फासे टाकता येत नाहीत, म्हणून सूत्र वापरतात. १९८८ साली पार्क आणि मिलर यांनी सुचवलेलं एक फार गाजलं आणि ते सी++ भाषेच्या प्रमाण ग्रंथालयातही आहे: हातातल्या संख्येला १६८०७ ने गुणायचं आणि २१४७४८३६४७ ने भागून बाकी घ्यायची. ती बाकी पुढची संख्या. १६८०७ म्हणजे ७ चा पाचवा घात.

प्रश्न असा की ही माळ किती वेळाने पुन्हा पहिल्या मण्यावर येते? उत्तर आहे २१४७४८३६४६. म्हणजे लीलावतीतल्या सगळ्या कवड्या! एकदा सुरू केली की १ पासून २१४७४८३६४६ पर्यंतची प्रत्येक संख्या नेमकी एकदा येते, मग फेरी पुन्हा सुरू.

आणि फेरी पूर्ण लांबीची आहे हे तपासायला काय लागतं? २१४७४८३६४६ चे मूळ अवयव. २, ३, ७, ११, ३१, १५१, ३३१. या प्रत्येकाने २१४७४८३६४६ ला भागून ७ चा तेवढा घात काढायचा आणि २१४७४८३६४७ ने भागल्यावर बाकी १ येत नाही हे बघायचं. सात तपासण्या. (१६८०७ साठी घातातला ५ आडवा येत नाही, कारण कवड्यांच्या अवयवांत ५ नाही.)

याच सात तपासण्यांनी आणखी एक गोष्ट सिद्ध होते. ७ चा २१४७४८३६४६ वा घात घेऊन बाकी १ आली आणि या सात ठिकाणी १ आली नाही, तर २१४७४८३६४७ मूळच असली पाहिजे. एडवार लुका यांनी एकोणिसाव्या शतकात दाखवलेली ही वाट आहे. ऑयलर यांनी भागून भागून सिद्ध केलं, इथे शेजारणीच्या अवयवांवरून सिद्ध होतं. दात्याच्या कवड्या कशा फुटतात ते कळलं की मधलीचं मूळपण ठरतं.

सह्याद्रीवारा

हे मला माहीत नव्हतं. शेजारणीच्या अवयवांवरून मूळपण ठरतं हा मुद्दा पटला. माझा आक्षेप इतिहासापुरता होता, तेवढ्यापुरता तो ठेवतो.

आटपाटनगर

मी न्यूजर्सीला असते. गणितातलं मला यातलं निम्मंच कळलं, पण ही संख्या माझ्या भावाच्या घरी एकदा येऊन गेली आहे.

२०१९ मध्ये त्याने नागपुरात फ्लॅटसाठी वीस वर्षांचं कर्ज घेतलं. हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला. हप्त्यांचं छापील वेळापत्रक आलं. जानेवारी २०३८ पर्यंत सगळं बरोबर. फेब्रुवारी २०३८ च्या जागी तारीख छापली होती ३० डिसेंबर १९०१. पुढचे सगळे हप्तेही तसेच मागे गेलेले. आई तो कागद घेऊन दोन दिवस काळजीत होती, तिला वाटलं व्यवहारातच काही खोट आहे. बँकेत विचारलं तर ‘छपाईची चूक’ म्हणून नवा कागद दिला. कारण कुणी सांगितलं नाही.

ते हेच का?

शेषफळ

ताई, हेच. अनेक यंत्रणा वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० पासून झालेल्या सेकंदांत. ३२ बिटांच्या रकान्यात २१४७४८३६४७ सेकंद मावतात. ते संपतात १९ जानेवारी २०३८ रोजी, मंगळवारी, आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. पुढच्या सेकंदाला आकडा एकदम उणे २१४७४८३६४८ होतो आणि घड्याळ १९०१ च्या डिसेंबरात जाऊन पडतं. ५ फेब्रुवारीचा हिशेब केला तर ३० डिसेंबर १९०१ हीच तारीख येते. आईंना सांगा, व्यवहारात खोट नव्हती. कुणीतरी सेकंद ठेवायला लहान भांडं घेतलं होतं.

नव्या यंत्रणा ६४ बिटांवर गेल्या आहेत. काळजी आहे ती लिफ्ट, मीटर, कारखान्यातले नियंत्रक यांच्या पोटात बसवलेल्या जुन्या चिपची. त्या बदलायला कुणी जात नाही.

तिसरी घंटा

१८६७ पर्यंत सर्वांत मोठी राहिली असं तुम्ही लिहिलंय. मग पुढे काय झालं? आणि शंभर वर्षं कुणी प्रयत्नच केला नाही का?

निवृत्त मास्तर

प्रयत्न कमी झाले. पीटर बार्लो नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १८११ साली लिहून ठेवलं होतं की गोदाकाठांनी दिलेली ती आठवी परिपूर्ण संख्या ही कधीही सापडेल अशांतली सर्वांत मोठी. कारण असं दिलं की या संख्या नुसत्या कुतूहलाच्या आहेत, उपयोगाच्या नाहीत, म्हणून यापुढे कुणी श्रम घेणार नाही.

मला त्या वाक्याचा राग येत नाही, वाईट वाटतं. कुतूहलाचं बळ त्याने फार कमी धरलं. १८६७ मध्ये फ्रान्समध्ये लांद्री यांनी २^५९ − १ चे अवयव पाडले आणि ३२०३४३१७८०३३७ ही मूळ संख्या मिळाली. १८७६ मध्ये लुका यांनी २^१२७ − १ मूळ असल्याचं दाखवलं, ३९ अंकी. १८८३ मध्ये रशियातले पेर्वुशिन यांनी २^६१ − १ मूळ असल्याचं दाखवलं, तिच्यावरून नववी परिपूर्ण संख्या मिळते. हे पेर्वुशिन खेड्यातले पाद्री होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये २^१३६२७९८४१ − १ सापडली, तिला ४ कोटी १० लाखांच्या वर अंक आहेत. तिचा शोध जगभरच्या हौशी लोकांच्या एका सामूहिक प्रकल्पातून लागला.

आणि उपयोगाचं म्हणाल तर कोडवाल्यांनी वर लिहिलंच आहे.

मधुमालती

मास्तर, तुमच्या चाळण्या मी लेकीला समजावल्या. ती नववीत आहे. तिला ऑयलर यांच्यासारखे भागाकार करायचे आहेत, कॅल्क्युलेटर न घेता. एवढी मोठी संख्या कागदावर भागताना दर वेळी चुकते. सोपी वाट आहे का?

निवृत्त मास्तर

आहे, आणि ती लीलावतीचीच. मोठी संख्या लिहूच नका. ‘वर्ग’ आणि ‘गुण’ करत जा आणि प्रत्येक पायरीला बाकी घेत जा. पहिली उमेदवार ३११. २^१० म्हणजे १०२४, ३११ ने बाकी ९१. त्याचा वर्ग ८२८१, बाकी १९५. हे झालं २^२०. २^११ ची बाकी ९१ ची दुप्पट, १८२. १९५ × १८२ = ३५४९०, बाकी ३६. हे २^३१. त्यातून १ गेला, ३५. शून्य नाही, म्हणून ३११ ने भाग जात नाही. चार ओळींचं काम.

२४९ घेऊ नका, ती ३ × ८३ आहे. ४९७ मध्ये ७ आहे, ५५९ मध्ये १३. पुढची खरी उमेदवार १३०३.

मधुमालती

काल रात्री जेवणं झाल्यावर बसलो होतो. १३०३ ने बाकी २२६ आली. १४८९ ने १९९. १४८९ ला तिची आणि माझी बाकी आधी वेगवेगळी आली, तिची बरोबर निघाली. मग यादीत २०४७ आला, तेव्हा ती ओरडलीच, ‘आई, हा तर मास्तरांचा, २३ गुणिले ८९!’ तो खोडला.

आता २५४३ चाललाय. वहीच्या पहिल्या पानावर तिने वरून खाली तीन ओळी लिहून ठेवल्या आहेत: कवड्या, भिंत, उद्याची देणगी.